कुलपातल्या हापशाची कैफियत

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम कॉलनीत, एका गल्लीच्या तोंडाशी, हिरवा रंग उडालेला जो लोखंडी खांब उभा आहे ना, तो मी. इकडचे लोक मला हँडपंप म्हणतात. शांताताई मात्र हापसा म्हणतात. त्यांचं माहेर कोल्हापूरकडचं, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी त्यांची जीभ काही बदललेली नाही. मलाही तेच नाव आवडतं. वय म्हणाल तर अठ्ठावीस. लोखंडाच्या मानाने हे काही म्हातारपण नव्हे, पण माझे सांधे कुरकुरतात आणि स्वभाव तुसडा झालाय. हल्ली मी कोणाशी धड बोलत नाही. आज बोलतोय, कारण माझ्यावर एक आळ आहे. भर गल्लीत, चारचौघांसमोर, मला दगाबाज म्हटलं गेलं. तेव्हा दगा कोणी कोणाला दिला ते एकदा नीट सांगून टाकतो. मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि रंगाचा वास, एवढंच त्या दिवसांतलं आठवतं. मग ट्रकमधून मी शहरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या लोहिया बाजारात आलो आणि एका दुकानात साखळदंड, घमेली आणि फावड्यांच्या शेजारी कितीतरी महिने उभा राहिलो. येणारे जाणारे माझा दांडा वरखाली करून बघायचे आणि निघून जायचे. कोरड्या दांड्यावरून काय कळणार हो! हापसा म्हणजे वर दिसतो तेवढाच नसतो. माझं खरं शरीर जमिनीखाली असतं. लांबच लांब पाइप, त्यांच्या आत सळया, आणि तळाशी पाण्यात बुडालेली एक नळी. त्या नळीत चामड्याच्या दोन वाट्या असतात. त्या ओल्या आणि मऊ राहिल्या तरच पाणी धरून वर चढवतात. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या चामड्यावरून घडलं.

त्या काळी या गल्लीत नळ होते, पण त्यांना पाणी कधी येईल हे कोणालाच माहीत नसे. उन्हाळ्यात टँकर यायचा आणि टँकर आला की माणसं माणसं राहायची नाहीत. अशाच एका रांगेत धक्काबुक्की झाली आणि शांताताई डांबरावर पडल्या. त्यांचा डावा हात कोपरात मोडला, तो नीट जुळलाच नाही. त्यांचे यजमान संभाजीराव तेव्हा फौजेत होते. सुट्टीवर घरी आले, बायकोच्या गळ्यात अडकवलेला हात पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या माधवरावांना बरोबर घेऊन लोहिया बाजारात हजर झाले.

माधवराव एका शाळेत गणित शिकवायचे. बारीक अंगाचे, चष्मेवाले, फुंकर मारली तर उडतील असे. पण मला गल्लीत उतरवलं त्या दिवशी पहिला पाइप त्यांनीच खांद्यावर घेतला. बोअर कोणाच्या अंगणात घेतला नाही बरं का. गल्लीच्या तोंडाशी, संभाजीरावांच्या भिंतीबाहेर जी मोकळी पट्टी होती तिथे घेतला, म्हणजे कोणालाही कधीही येता येईल. पाइप खाली सोडायला आठ-दहा माणसं लागतात. गल्लीतलं एकही घर मागे राहिलं नाही. रामसेवक मिस्त्री ओरडत होता, "पकड़ के रखना, छूटा तो सीधा पाताल में!" आणि सगळे दातओठ खात पाइप धरून उभे होते. पहिलं पाणी आलं तेव्हा संभाजीरावांनी ते ओंजळीत घेतलं, शांताताईंच्या हातावर घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा गल्लीचा. आणि शांता, तुला यापुढे पाण्यासाठी कोणाच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. माझा शब्द आहे."

मित्रांनो, फौजी माणसाचा शब्द. मी तो खरा मानला.

पुढची वीसेक वर्षं माझी मोठ्या मानाची गेली. उजाडलं की बादल्यांची रांग लागे. माधवरावांच्या सुधाताई पहिल्या. त्यांचे बरोबर वीस हात आणि बादली काठोकाठ. एकविसावा हात त्यांनी कधी मारला नाही. मग समोरच्या घरातला हेमेंद्र दात घासत यायचा, माझ्याच तोंडाखाली डोकं धरायचा आणि आईच्या शिव्या खायचा. बायका बोलता बोलता मराठीतून हिंदीत कधी जायच्या आणि परत कधी यायच्या ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. "अगं, तिची सून इतकी सीधी आहे ना, पर सास को कौन समझाए!" हे मी एका हाताच्या हेलकाव्यात ऐकलेलं आहे. दुखणंखुपणं, लग्नं, निकाल, सगळ्या बातम्या आधी मला कळायच्या. माधवराव महिन्यातून एकदा येऊन माझ्या डोक्यातल्या, दांडा पेलणाऱ्या साखळीला तेल द्यायचे. दसऱ्याला संभाजीरावांच्या घरी तलवारीची पूजा झाली की ते एक झेंडूची माळ घेऊन बाहेर येत आणि माझ्या दांड्याला बांधत. म्हणत, "हेही आपलं शस्त्रच आहे." तेव्हा मला अगदी ताठ उभं राहावंसं वाटे. मी तसाही ताठच होतो म्हणा.

नंतर नळाला जरा बरं पाणी येऊ लागलं आणि गच्च्यांवर काळ्या टाक्या चढल्या. रांग आखूड झाली. तरी सुधाताई आणि आणखी चार घरं रोज यायचीच. तेवढं मला पुरे होतं.

मग ती महामारी आली. तुम्हालाही आठवत असेल. सगळं जग घरात कोंडलं गेलं. त्या दुसऱ्या लाटेत माधवराव गेले. संभाजीराव त्यांच्यासाठी औषध शोधत लष्कर, जयेंद्रगंज, मुरार सगळीकडे फिरले आणि रिकाम्या हातांनी परत आले. माझ्या चौथऱ्यावर बसून ते लहान मुलासारखे रडले, ते मी पाहिलंय. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, सहा फूट उंच, भरघोस मिशांचा माणूस. मला त्यांची कीव आली. त्या दिवसापासूनच हा माणूस बदलायला लागला, हे मात्र मला फार उशिरा समजलं.

"ही तर फक्त चुणूक होती," ते येईल त्याला सांगू लागले. "पुढच्या वेळी महिना-दोन महिने नाही, वर्ष-दोन वर्षं सगळं बंद पडेल. बिजली नाही, नळ नाही, दुकान नाही, बँक नाही. तेव्हा कोण वाचेल? ज्याचा गड तयार असेल तो!"

मित्रांनो, गल्लीतल्या या मराठी घराण्यांच्या रक्तात किल्ले आहेत. यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यांवर आले आणि इथे राहिले. संभाजीरावांच्या गच्चीवरून ग्वाल्हेरचा किल्ला दिसतो म्हणतात. त्यांनी आपल्या तीन खोल्यांच्या घराचाच किल्ला केला. येणाऱ्या संकटाला ते वेढा म्हणत आणि साठवणीला दाणागोटा. मागची खोली रिकामी करून तिथे पत्र्याच्या कोठ्या लावल्या. गव्हात कडुलिंबाचा पाला, डाळींना एरंडेल, बियाणं राखेत घोळवून डब्यांत. मीठ, गूळ, काडेपेट्या, लाकडी कोळसा, रॉकेलचा स्टोव्ह, सूर्यावर चालणारे दिवे. कोणाकडून तरी जुनं जातं आणलं. दोऱ्या, सुया, मलमपट्ट्या. मोबाइलवर दूर देशातली माणसं जंगलात एकटी कशी राहतात ते बघत बसायचे. शांताताई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, मला नाही राहायचं वेढ्यात. मला गल्लीत राहायचंय." ते हसले. "तुझ्यासाठीच करतोय सगळं," म्हणाले.

हे सगळं मी बाहेरून बघत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. म्हटलं, वेळ आली तर आपला नंबर पहिला. अन्नाशिवाय माणूस काही दिवस काढेल, पाण्याशिवाय कसा काढेल?

एका सकाळी गवंडी आले. संभाजीरावांच्या अंगणाची भिंत त्यांनी पाडली आणि चार हात पुढे सरकवून पुन्हा बांधली. संध्याकाळी मी डोळे उघडून बघतो तर मी भिंतीच्या आत! इतक्या वर्षांत मी एक इंचही हललो नाही हो, आणि तरी एका दिवसात गल्लीचा होतो तो एका घराचा झालो. दुसऱ्या दिवशी माझ्या दांड्याला साखळी गुंडाळली आणि तिला पितळी कुलूप लावलं.

सुधाताई रोजच्या वेळेला बादली घेऊन आल्या आणि नव्या फाटकाशी थबकल्या.

"भावोजी, हा ताला कशाला?"

"वहिनी, पाणी राखून ठेवायचंय," संभाजीराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "गडावरचं टाकं काय कोणी रोज उपसतं? वेढा पडला की उघडायचं. तुमचं नाव माझ्या यादीत आहे. तुम्ही बेफिकीर राहा."

"यादीत?" सुधाताई म्हणाल्या. "आमचे हे पहिला पाइप खांद्यावर घेऊन आले होते, तेव्हा कुठे होती यादी?"

सुधाताईंनी रिकामी बादली उचलली आणि त्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत. इतर घरं दोन-चार दिवस आली, फाटकातून डोकावली आणि तीही यायची थांबली. माझा केसाने गळा कापला गेला होता, आणि कापणारा माणूस मला फडक्याने पुसत होता.

हीच ती चूक, मित्रांनो. टाक्यातलं पाणी उपसलं नाही तर ते राहतं. हापसा उपसला नाही तर तो मरतो. टाकं राखायचं असतं आणि हापसा वापरायचा असतो. एवढा साधा फरक त्या गड लढवायला निघालेल्या माणसाला दिसला नाही. रामसेवक मिस्त्री कुठल्याशा कामासाठी गल्लीत आला होता. त्याने कुलूप पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"फौजी साब, ये टंकी थोड़ी है! रोज चलेगा तो जिएगा. बंद रखोगे तो चमड़ा सूख जाएगा, बोर में मिट्टी बैठेगी. और पानी नीचे सरक गया तो पता भी नहीं चलेगा."

"तुम ऊपर से ग्रीस लगा दो, बस," संभाजीराव म्हणाले.

वरून! दुखणं तळाशी आणि मलम टाळूला!

तीन वर्षं मी त्या कुलपात काढली. दर उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी थोडं थोडं खाली जात होतं, ते मला जाणवत होतं. आधी ते माझ्या नळीच्या काठाशी आलं, मग नळीच्या खाली गेलं. चामड्याच्या वाट्या उघड्या पडल्या. त्या आक्रसल्या, कडक झाल्या, त्यांना चिरा गेल्या. रोज कोणी हापसलं असतं तर मीच सांगितलं असतं. पाण्याची धार बारीक झाली, हात जास्त मारावे लागले, की माणसं ओळखतात आणि मिस्त्रीला बोलावतात. हापशाची भाषा तीच असते. माझी जीभच बांधून ठेवली होती, मग मी सांगणार कसा?

आणि वरून कौतुक काय विचारता! पाहुणे आले की संभाजीराव त्यांना घर दाखवायचे. आधी कोठ्या, मग जातं, मग स्टोव्ह, आणि शेवटी मी. माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "आणि हे आपलं ब्रह्मास्त्र!" पाहुणे माना डोलवायचे. दसऱ्याला माळ येतच होती. पूर्वीपेक्षा मोठी. झेंडूची माळ कुलपावर लोंबायची आणि आत माझं चामडं वाळत होतं. एकदा, फक्त एकदा जरी त्यांनी कुलूप काढून दांडा हलवून बघितला असता! पण ब्रह्मास्त्र कोणी रोज वापरून बघतं का?

गेल्या वर्षीच्या जेठात वादळ आलं. जेठ म्हणजे तुमचा ज्येष्ठ. इथे त्या दिवसांत सत्तेचाळीस अंशांपर्यंत पारा चढतो आणि धुळीची आंधी येते. पण ही आंधी वेगळी होती. विजेचे मोठमोठे मनोरे वाकले, झाडं तारांवर पडली. दिवे गेले. वीज नाही म्हणून पाणी चढवणारे पंप बंद, म्हणून नळ कोरडे. दुसऱ्या दिवसापर्यंत मोबाइलही मुके झाले. कधी सुरळीत होईल, कोणी सांगू शकेना.

खरं सांगू? पहिल्या दिवशी संभाजीरावांचा चेहरा उजळला होता. "शांता, मी म्हणत नव्हतो?" डोक्यावर जुनी फौजी टोपी, हातात डायरी. स्टोव्ह पेटला, दिवे लागले, जात्यावर दळण झालं. दुसऱ्या दिवशी गच्चीवरची टाकी संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते किल्ल्या घेऊन माझ्याकडे आले. गल्लीतली माणसं बादल्या घेऊन फाटकाबाहेर जमली होती. सुधाताईही होत्या, सगळ्यांच्या मागे.

"या, आत या," संभाजीराव म्हणाले. "याच दिवसासाठी राखला होता."

कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरेना. शेवटी हातोड्याने फोडलं. त्यांनी माझा दांडा धरला आणि दाबला. माझ्या आतून जो आवाज निघाला तो ऐकून मीच घाबरलो. दहा हात, वीस हात, पन्नास हात. माझ्या तोंडातून गंजाचा भुगा आला आणि मग नुसती हवा. हेमेंद्रने दांडा घेतला, तो तरणाबांड गडी, त्याने शंभर हात मारले. थेंब नाही. बाहेर कोणीतरी बादली खाली ठेवली, तिचा आवाज झाला.

संभाजीरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला लाथ मारली. "दगा दिला!" ते ओरडले. "हरामखोर, ऐन वेळेला दगा दिला याने!"

मित्रांनो, लाथेचं मला काही नाही. पण तो शब्द! वीस वर्षं ज्याने या माणसाच्या बायकोला रांगेत उभं राहू दिलं नाही, त्याला दगाबाज? माझ्या तोंडाला पानं पुसून, मला बांधून, वाळवून, वर मलाच? त्या दिवशी मला तोंड उघडता आलं असतं तर सगळ्या गल्लीने कानांवर हात ठेवले असते.

त्या दिवशी त्या घरात काय झालं ते ऐका. कोठ्यांमध्ये वर्षभराचा गहू होता आणि कणीक मळायला तांब्याभर पाणी नव्हतं. डाळ होती, शिजणार कशात? बियाणं होतं, पेरून त्यावर काय घालणार? दुपारी चौकात टँकर आल्याची ओरड झाली. शांताताईंनी उजव्या हातात कळशी घेतली, पदर खोचला आणि उन्हात चालू लागल्या. संभाजीराव "थांब, मी जातो" म्हणत मागे धावले. त्या वळल्यासुद्धा नाहीत. दोन तासांनी परत आल्या तेव्हा कळशी अर्धी होती आणि साडी भिजलेली. त्यांनी कळशी ओट्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "पुरवून वापरा."

संभाजीरावांनी सायकल काढली आणि रामसेवकला शोधून आणलं. मिस्त्रीने माझं डोकं उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाला, "सब पाइप बाहर निकालने पड़ेंगे. आठ-दस आदमी लाओ." मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "और साब, ये दीवार हटाओ. पाइप लिटाऊँगा कहाँ?"

आता बघा. वर्षभर कोणाची गरज पडणार नाही असा गड बांधला होता ना? हापसा एकट्याने चालवता येतो, पण वर कोणालाच एकट्याने काढता येत नाही. संभाजीराव कितीतरी वेळ फाटकाशी उभे राहिले. मग टोपी काढून खिशात कोंबली आणि आधी सुधाताईंच्या दारात गेले. ते दार मला इथूनच दिसतं.

"वहिनी, मी चुकलो. मदत हवी आहे."

सुधाताईंनी त्यांना तिथेच उन्हात उभं ठेवलं. मग चप्पल पायात सरकवून बाहेर आल्या आणि हेमेंद्रच्या फाटकाची कडी वाजवली. "हेमेंद्र, चल रे बेटा. पाइप खींचना है."

"काकी, तीन साल हम इसी गेट से खाली बाल्टी लेकर लौटे हैं," हेमेंद्र आतून म्हणाला.

"माहितीये. चल."

आणि सगळे आले. संभाजीरावांनी स्वतःच्या हाताने भिंत फोडली. एकेक पाइप वर आला, तसा मिस्त्री त्यावर हात फिरवून दाखवत होता, कोरडा, हाही कोरडा. शेवटी माझी नळी बाहेर आली आणि त्याने त्यातून चामडं काढलं. ते जुन्या वहाणेच्या टाचेसारखं टणक झालं होतं. त्याने ते संभाजीरावांच्या तळहातावर ठेवलं. "लो साब. इसने धोखा नहीं दिया." संभाजीरावांनी ते मुठीत घट्ट धरलं आणि मान खाली घातली. मला त्यांच्यासमोर न्याय मिळाला तो तेवढाच.

तेलात भिजवलेलं नवं चामडं बसलं, तीन पाइप वाढवावे लागले, आणि पाचव्या दिवशी दुपारी मला पाणी आलं. आधी गढूळ, मग तांबूस, मग नितळ. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली माझ्यावर जगली. संभाजीराव येणाऱ्या प्रत्येकासाठी स्वतः हापसत होते, त्यांच्या तळहातांना फोड आले तरी. सुधाताईंची बादलीही त्यांनीच भरली. सहाव्या दिवशी संध्याकाळी दिवे आले. भिंत त्यांनी पुन्हा बांधली नाही. मला वाटलं, चला, माझे दिवस परत आले. उद्यापासून पुन्हा रांग, पुन्हा गप्पा.

मी किती खुळा!

पंधरा दिवसांनी गल्लीत मोठं मशीन आलं आणि धडधडत हेमेंद्रच्या अंगणात उभं राहिलं. चारशे फूट बोअर, त्यात मोटार, मोटारीला बॅटरी, आणि पुढे उंच फाटक. संभाजीराव विचारायला गेले तेव्हा हेमेंद्र अगदी प्रेमाने म्हणाला, "अंकल, आप ही से सीखा. अपना इंतज़ाम अपने पास होना चाहिए." महिनाभरात दुसरं मशीन आलं, मग तिसरं. चौथं सुधाताईंच्या दारात थांबलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. संभाजीराव भिंतीच्या पडक्या विटांजवळ उभे होते. सुधाताई स्वतःच त्यांच्याजवळ आल्या.

"भावोजी, राग मानू नका. तुम्ही आता ताला काढलाय, मला दिसतंय ते. पण पुन्हा कोणाच्या फाटकाबाहेर बादली घेऊन उभं राहायची माझ्यात हिंमत नाही."

ज्याने मला बांधलं त्याने मला सोडलं, पण तोवर गल्लीने त्याचाच धडा पाठ केला होता. पाचवंही मशीन मागून आलं, आता इथे पाच मोटारी आहेत आणि पाचही माझ्यापेक्षा खोल पाणी ओढतात. त्या सुरू झाल्या की माझ्या पायाखालून पाणी सरकतं. ज्या हातांनी मला वर काढून वाचवलं, तेच हात आता खालून माझं पाणी काढून घेताहेत, आणि एकालाही त्याचा पत्ता नाही. रामसेवक म्हणाला, "साब, आप भी मोटर डलवा लो." संभाजीराव म्हणाले, "नाही. या गल्लीत आणखी एक भोक मी पाडणार नाही." ते रोज सकाळी येतात, साखळीला तेल देतात आणि हापसतात. आधी पन्नास हातांत बादली भरायची. होळीनंतर शंभर लागायला लागले. मी जिवाच्या आकांताने ओढतो हो, पण असेल तरच देणार ना?

यंदाचा जेठ लागलाय. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही करंगळीएवढं. काल नळाचा खाडा होता. सकाळी संभाजीराव आले, शांताताई बादली घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. शंभर हात झाले, दीडशे झाले. माझ्यातून हवाच आली. संभाजीराव दांडा धरून तसेच वाकून उभे राहिले. या वेळी त्यांनी मला शिवी दिली नाही. गल्लीत पाचही मोटारी चालू होत्या, कोणाच्या तरी टाकीतून पाणी वाहून रस्त्यावर येत होतं. शांताताईंनी ते ओघळताना पाहिलं. मग रिकामी बादली उचलली आणि त्या घरात गेल्या.

मित्रांनो, दगा कोणी दिला ते तुम्ही ठरवा, मी आता भांडायला कंटाळलोय. संकटासाठी काही राखून ठेवायचं असेल तर ठेवा, पण ते रोज हाताळत जा आणि चार घरांसोबत राखा. एकट्याने राखलेलं ऐन वेळी कामाला येत नाही, हे मी माझ्या वाळलेल्या चामड्यावरून सांगतो. बाकी उपदेश करायचा मला अधिकार नाही. एक विनंती मात्र आहे. तुम्ही आमच्या गल्लीत राहत असाल तर उद्या मोटार सुरू कराल तेव्हा तुमचं फाटक उघडं ठेवा आणि शांताताईंना तुम्हीच हाक मारा. उद्याही नळाला पाणी नाही, आणि त्या मागायला येणार नाहीत.